बसा, आणि मग उठून दाखवा

मराठी माणसाच्या घरात पाऊल टाकलं की पहिला शब्द कानावर पडतो तो "या, बसा." पाणी नंतर, चहा त्याच्या नंतर, आणि आलात कशासाठी ही चौकशी सगळ्यात शेवटी. आधी बूड टेकलं पाहिजे. नुसता निरोप द्यायला आलेल्यालासुद्धा आपण "अहो, टेका तरी" म्हणून हाताला धरून खाली ओढतो. या रिवाजाला फाटा देणारा एकच यजमान मला ठाऊक आहे, तो पंढरपूरचा पुंडलिक. त्याच्या दारी प्रत्यक्ष देव आला, तर आईवडिलांचे पाय चेपता चेपता याने मागे वीट भिरकावली आणि उभा राहा म्हणून सांगितलं. देव अजून उभा आहे. दोन्ही हात कमरेवर. ते हात तिथे का आहेत यावर संतांनी पुष्कळ सांगून ठेवलंय. गेल्या आषाढात माझी कंबर धरली तेव्हापासून माझंही त्याबाबत एक मत झालं आहे, पण ते मी वारकऱ्यांसमोर बोलत नाही.

आपल्या भाषेतही बसण्याचंच प्रस्थ. गणपती बसतात, घट बसतात, घसा बसतो, धंदा बसतो. विश्वास बसतो आणि तो बसला की मागोमाग फटका बसतो. लग्न जमवायचं तर बैठक, मागण्या मान्य करून घ्यायच्या तर ठिय्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी मित्राचा फोन आला, "काय, बसायचं का?" तर तो सतरंजीबद्दल विचारत नसतो. एवढ्या सगळ्या गोष्टी बसतात, पण त्या बसण्याने जी येते ती मात्र बसत नाही, भरते. उसण.

मी लहानपणापासून बसण्यात हुशार. आई अजून पाहुण्यांना कौतुकाने सांगते, "याला पायरीवर बसवून मी मंडईत गेले, तर तासाभराने आले तेव्हा हा तिथेच. त्याच पायरीवर. त्याच पोझमध्ये." माझा आतेभाऊ याच्या बरोबर उलट. पाटावर बसवला तर पाटासकट सरकत सरकत स्वयंपाकघरातून माजघरात जायचा. "बुडाला काटे टोचतात का रे?" असं म्हणून त्याच्या पाठीत रोज एक धपाटा ठरलेला, आणि धपाटा मारणारा हात परतताना माझ्या डोक्यावरून फिरायचा. "बघ, दादा कसा शहाण्यासारखा बसलाय." तो आतेभाऊ आज पन्नाशीत आहे आणि दर रविवारी कुठला ना कुठला किल्ला चढून तिथून फोटो पाठवतो. मी ते फोटो झोपून बघतो.

पुढे नोकरी लागली ती लेखा विभागात आणि घर मिळालं ते डोंबिवलीत. म्हणजे आठ तास खुर्ची आणि खुर्चीपर्यंत पोचायला सव्वा तास लोकल. डोंबिवलीकराच्या आयुष्याचं ध्येय काय असं कोणी विचारलं तर मोक्ष वगैरे नंतरच्या गोष्टी, आधी बसायला मिळणं. ऑफिसात पोचल्यावर आमच्याकडे कोणी "कसा आहेस" म्हणत नाही, "बसायला मिळालं का?" म्हणतात. मिळालं म्हटलं की समोरचा डूख धरतो, नाही म्हटलं की चहा पाजतो. या ध्येयापायी आम्ही मुंबईला जायचं असताना आधी उलट दिशेने कल्याणला जातो. उतरणारे उतरले की रिकाम्या झालेल्या जागेवर बसायचं, आणि तीच गाडी माघारी फिरली की त्याच जागेवर बसून पुन्हा डोंबिवलीच्या फलाटावर यायचं. तिथे चढणाऱ्या शेजाऱ्यांच्या नजरेला नजर न देता डोळे मिटायचे. झोप लागत नाही, पण डोळे मिटायचे.

आणि जो उलट गेला नाही, त्याच्यासाठी चौथी सीट. ही संस्था मुंबईबाहेरच्या वाचकांना समजावून सांगायला हवी. लोकलचं बाकडं तिघांचं असतं. तीन माणसं बसल्यावर कडेला जी चार बोटं जागा उरते (तीही तिघं सज्जन आणि सडपातळ असतील तर) तिला चौथी सीट म्हणतात. ती मागायला शब्द लागत नाहीत. हाताच्या पंज्याने हवेत नुसतं सरकवल्यासारखं केलं की तिघं एकेक सुस्कारा सोडून इंचभर आत जातात. मग आपण अर्धं बूड टेकायचं. उजवं बाकावर, डावं अधांतरी. डावा पाय वाटेत खांबासारखा रोवायचा, त्यावर उतरणाऱ्यांच्या लाथा झेलायच्या, मांडीवर बॅग, आणि कमरेतून असा पीळ की देवळातल्या कोरीव मूर्तीने मान खाली घालावी. ठाण्याला एखादा उठला की बढती मिळते. नाही उठला तर थेट घाटकोपर. तोपर्यंत मणक्याला कळत नाही आपण बसलोय की उभे आहोत. माझ्या मणक्याने हा प्रश्न 22 वर्षं मनात ठेवला आणि एका सकाळी एकदम तोंड उघडलं.

निमित्त अर्धा लिटर दुधाचं. लोक पियानो उचलताना, कपाट सरकवताना कंबर मोडून घेतात, त्याला काही इभ्रत असते. मी दाराबाहेरची दुधाची पिशवी उचलायला वाकलो आणि कमरेत कोणीतरी कडी लावली. खट्. वर येता येईना, खाली जाता येईना. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते तसा मी काटकोनात उभा. आतून सौ.चा आवाज, "अहो, दूध आणताय ना?" मी तिथूनच म्हटलं, "मी येईन की नाही ते आधी ठरू दे." तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. समोरच्या वहिनी त्यांचं दूध घ्यायला आल्या, तर त्यांच्या उंबऱ्यासमोर मी हात जोडल्यासारखा वाकलेला. वयाने त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पण मराठी संस्कार असे, की तोंडून आपोआप गेलं, "असू दे, असू दे. सुखी राहा."

त्यानंतरचा दिवस पायाळू शोधण्यात गेला. उसण भरली की पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाचा, पाय कमरेला लावायचा, यावर आईची माझ्या एमआरआयपेक्षा जास्त श्रद्धा. तिच्या माहेरच्या गावात असा एक हुकमी पायाळू होता. लोक पहाटे त्याच्या ओसरीवर पालथे पडून राहायचे म्हणे. सौ.ने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "आपल्या दोन्ही विंगमध्ये कोणी पायाळू आहे का? अर्जंट." दहा मिनिटांत ग्रुपवर वाद पेटला. एकीने आपला मुलगा पायाळू असल्याचं कळवलं, पण तो सिझेरियनने झालेला. दुसरीचं म्हणणं, सिझेरियनवाले धरता येत नाहीत, कारण ते पायाकडून आले की डोक्याकडून याला अर्थच उरत नाही, डॉक्टरच्या हाताला जे लागलं ते आधी. मला पडल्या पडल्या या युक्तिवादात तथ्य वाटलं. हल्ली पायाळू बाळ आहे असं कळलं की बहुतेक डॉक्टर सिझेरियनच करतात. म्हणजे अस्सल पायाळू ही जमात माळढोकासारखी नामशेष होत चालली आहे आणि महाराष्ट्रातल्या उसणींना पुढे वाली कोण, याचा कोणी विचार केलेला नाही. शेवटी तळमजल्यावरचे एक निवृत्त काका "मी पायाळूच" म्हणत हजर झाले. वजन 90 च्या आत नसावं. मी पालथा पडलो, त्यांनी चप्पल काढली, आणि तेवढ्यात मला बरं वाटू लागलं.

दुपारी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी एमआरआय. त्या बोगद्यात पडून ठकठक ऐकताना मी घाबरलो नव्हतो. अहवाल वाचताना घाबरलो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत झीज, फुगवटा आणि दाब. माझा मणका आहे की कुणाची जुनी चाळ, तेच कळेना. डॉक्टर शांत. "एल-फोर एल-फाइव्हची गादी जरा सरकली आहे." आमच्याकडे गादी सरकली म्हणजे मंत्रिमंडळ गेलं असा अर्थ होतो, त्यामुळे मी खचलोच. तेव्हा त्यांनी सांगितलं की 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे असे फोटो तपासले होते, तर विशीतल्या साधारण 30 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या आणि ऐंशीतल्या 84 टक्क्यांच्या. म्हणजे फोटोत दिसतं ते पुष्कळदा पांढऱ्या केसांसारखं असतं. आहे म्हणजे दुखतंच असं नाही. "मग माझं का दुखतंय?" मी विचारलं. डॉक्टरांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

दरम्यान मी पट्टा बांधून लोकलमध्ये परतलो आणि मला एक नवा समाज सापडला. माझा पट्टा बघून खिडकीवाले म्हणाले, "एल-फोर एल-फाइव्ह?" मी मान हलवली. "आमचंही तेच." समोरच्या बाकावरचे बँकवाले म्हणाले, "आमचं एल-फाइव्ह एस-वन." दोघांनी एकमेकांकडे सोयरिकीच्या नजरेने पाहिलं. त्या डब्यात ज्याला त्याला आपलं गोत्र पाठ होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 साली जगात 61 कोटी 90 लाख लोकांची कंबर दुखत होती. त्यांतले बरेचसे माझ्या डब्यात असावेत. मग औषधांची देवाणघेवाण झाली. निर्गुडीचा पाला, विटेचा शेक, महानारायण तेल. एकाने कटिबस्तीचा आग्रह धरला, म्हणून तीही करून आलो. पालथं झोपवून कमरेवर उडदाच्या पिठाचं कडं थापतात आणि मधल्या खळग्यात कोमट तेल ओततात. उडदाचं पीठ, मध्ये भोक, तेल. पदार्थ ओळखीचा वाटत होता, फक्त तेल आत आणि वडा बाहेर. पण खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासात फार बरं वाटलं. नंतर सांबाराची आठवण येत राहिली.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे पंचविशीतली एक मुलगी. तिने मला "काका" म्हणून हाक मारली आणि पट्टा काढून कोपऱ्यात ठेवला. मग कागद घेतला.

"काका, सकाळपासून सांगा. बसता कुठे कुठे?"

मी लेखा विभागातला माणूस, मला असले तक्ते आवडतात. सकाळी आत मोबाइल घेऊन 25 मिनिटं. चहा आणि पेपर अर्धा तास. जाता-येता रिक्षा 20 मिनिटं. लोकल, दोन्ही वेळची धरून, 2 तास 20 मिनिटं. ऑफिस आठ तास.

"जेवायला उठत असाल ना?"

"नाही, डबा जागेवरच."

संध्याकाळी टीव्ही दोन तास, जेवण अर्धा तास. तिने बेरीज केली: 14 तास 5 मिनिटं. "झोप?" सात तास. "म्हणजे काका, दिवसाचे 2 तास 55 मिनिटं तुम्ही आपल्या पायांवर असता." बेरीज बरोबर होती, ताळा जुळला याचा मला आधी आनंदच झाला. मग मी अभिमानाने सांगितलं की त्यात पाऊण तास सकाळचं फिरणं आहे. "किती चालता?" कट्ट्यापर्यंत पाच मिनिटं, परत पाच मिनिटं. "आणि मधली 35?" मी गप्प. तिने कागदावर 35 मिनिटं खोडून वरच्या रकान्यात टाकली.

मग तिने प्लॅस्टिकचा मणका हातात घेऊन जे समजावलं ते मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर मी पायरीवरून उठलो असतो. दोन मणक्यांच्या मधल्या गादीला मोठ्या माणसात रक्तवाहिन्यांचा पुरवठा जवळजवळ नसतोच. तिचं खाणंपिणं शेजारच्या हाडातून झिरपून येतं. स्पंज दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत. तशी गादी हालचालीवर जगते. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी कमी होतं, रात्री आडवे झालो की ती पुन्हा भरते. त्यामुळे माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. (लग्नाच्या बायोडेटात कोणत्या वेळची उंची लिहितात हे मला आता नीट समजलं.) आणि सकाळी उठल्या उठल्या ती टम्म फुगलेली असते, तेव्हाच कमरेतून वाकलेलं तिला सगळ्यात जड जातं. दुधाच्या पिशवीचा उलगडा झाला. गवळी दुपारी येत होता ते बरं होतं.

"आणि तुम्ही तासन् तास पोक काढून बसता तेव्हा," ती म्हणाली, "पाठीमागचे बंध हळूहळू ताणले जातात, धरून ठेवणारे स्नायू सुटीवर जातात, मांडीच्या वरचे पुढचे स्नायू आखडतात आणि मागचे, ज्यांच्यावर तुम्ही बसता, ते आपलं काम विसरतात." शेवटचं मला लागलं. ज्याच्या जिवावर 22 वर्षं नोकरी केली, तोच बेकार.

हे सगळं कॉम्प्युटरने आणलं असं आमच्या डब्यात एकमत आहे, पण तेही खरं नाही. बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्यात बसून काम करणारे शिंपी आणि चांभार आहेत, त्यांची वाकलेली पाठ आहे, आणि त्यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी व्यायाम करावा असा सल्ला आहे. सव्वातीनशे वर्षं झाली, सल्ला तोच, आणि सुटीच्या दिवशी व्यायाम न करण्याची पद्धतही तीच.

बसणं किती वाईट हे मोजायचं कसं, यावर पुढे 1960 च्या दशकात आल्फ नाखेमसन या स्वीडिश शल्यविशारदाने जे केलं ते वाचून माझी कंबर पुन्हा दुखली. त्याने जिवंत माणसांच्या कमरेच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. अशी माणसं त्याला कुठे मिळाली देव जाणे. आमच्याकडे रक्त तपासायचं म्हटलं तरी माणूस गावाला जातो. दाब उभ्यापेक्षा बसल्यावर बराच जास्त निघाला, आणि पुढची 30 वर्षं जगभरच्या दवाखान्यांत त्याचा तक्ता टांगलेला राहिला. मग 1999 साली जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी 45 वर्षांच्या एका धडधाकट माणसाच्या गादीत मोजयंत्र बसवून त्याला जवळपास 24 तास हिंडवलं, फिरवलं, झोपवलं. तर काय, पाठ टेकून सैलसर बसल्यावर दाब उभ्यापेक्षा उलट थोडा कमीच. आणि रात्री झोपेत, काहीही न करता, तो दुपटीहून वर गेला, कारण गादी पाणी पीत होती. म्हणजे नुसतं बसलं म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. अभ्यासकांचंही साधारण तेच म्हणणं आहे: बसणं एकटं सापडलं तर ते सुटतं, पण वाकडं बसणं, गाडीचे हादरे आणि न हलता तासन् तास, असे साथीदार बरोबर सापडले की अडकतं. चौथ्या सीटवर हे सगळे साथीदार एकाच डब्यात भेटतात.

"मग ताठ बसू का?" मी विचारलं.

"ताठ बसून दाखवा."

मी छाती काढून बसलो. दीड मिनिटाने घाम आला.

"काका, एक अमुकच बसणं बरोबर असं काही नाही. सगळ्यात चांगलं बसणं म्हणजे पुढचं बसणं. दर अर्ध्या तासाने उठा. उठता आलं नाही तर बसल्या जागी चुळबुळ करा."

चुळबुळ! आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द मी "करू नकोस" शिवाय ऐकला. माझ्या डोळ्यांसमोर पाटासकट सरकणारा आतेभाऊ आला. ज्या गोष्टीसाठी त्याने पाठीत धपाटे खाल्ले, तीच मला एका सिटिंगचे 600 रुपये मोजून शिकायला लागत होती.

घरी येऊन मी जरा जास्तच मनावर घेतलं. इस्त्रीचं टेबल उभं केलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि घरून कामाच्या दिवशी उभ्याने काम सुरू केलं. दुपारी तीनपर्यंत पोटऱ्या दगड झाल्या आणि सौ.चे दोन कुर्ते चुरगळलेलेच ऑफिसला गेले. फिजिओच्या मुलीने कपाळाला हात लावला. "उभं राहायला कुठे सांगितलं होतं? हलायला सांगितलं होतं."

उभं राहण्याचं मला फार कौतुक वाटू लागलं होतं तेव्हा सोसायटीच्या वॉचमनने ते उतरवलं. त्याला मी विचारलं, तुझी कंबर दुखत नाही ना, तू तर उभाच असतोस. तो म्हणाला, "साहेब, दुखते की. बारा तास. एक खुर्ची द्या ना." केरळात कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसूच देत नसत, त्यांनी भांडून भांडून 2018 साली कायद्यात दुरुस्ती करून घेतली, तमिळनाडूत 2021 साली तसाच कायदा आला. साडी दाखवणाऱ्या बाईने गिऱ्हाईक नसताना स्टुलावर टेकावं, एवढ्यासाठी कायदा. आम्ही सहा कळांच्या फिरत्या खुर्चीत बसून बसण्याला शिव्या देतो, त्याची मला थोडी लाज वाटली. वॉचमनची खुर्ची मी कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडली. ठराव अजून बसलेला नाही.

माझी आजी आयुष्यभर जमिनीवर बसली आणि तिने कमरेबद्दल कधी हूं केलं नाही. पण तिचं बसणं आठवून बघितलं तर ते बसणं नव्हतंच. विळीच्या पाटावर एक गुडघा वर करून ती बसे, भेंडी चिरता चिरता दूध उतू जातंय म्हणून उठे, पुन्हा बसे, मीठ विसरलं म्हणून उठे, कावळा आला म्हणून उठे. एका भाजीत मी तिच्या नऊ उठाबशा मोजल्या असतील. सगळे पाटावर जेवत तेव्हा ही वाकून वाढत असे आणि स्वतः जेवायला बसली की ताकासाठी पुन्हा उठे. (तिला कोणी "तू बस, मी आणतो" म्हटल्याचं मला आठवत नाही. कंबर शाबूत राहण्याचं हेही एक कारण असेल, पण ते सांगून कोणाचं कौतुक करावंसं वाटत नाही.) टांझानियात हाडझा नावाचे शिकारी लोक आहेत, त्यांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला, तेही दिवसाचे जवळपास 10 तास बसूनच असतात, फक्त त्यातला काही वेळ उकिडवं किंवा गुडघ्यांवर, जिथे पायाचे स्नायू जागे असतात. मी घरात उकिडवं बसून बघितलं. चाळिसाव्या सेकंदाला मागे कलंडलो आणि सोफ्याने झेललं.

खरी परीक्षा ऑफिसात. पहिल्या दिवशी मी अर्ध्या तासाने उठलो तर शेजारचा म्हणाला, "काही हरवलं का?" दुसऱ्या दिवशी चारदा उठलो तर हळूच, "साखर तपासली का?" तिसऱ्या दिवसापर्यंत बातमी पसरली की मी दुसरीकडे नोकरी बघतोय आणि फोन घ्यायला बाहेर जातो. मीटिंगमध्ये मागे भिंतीला टेकून उभा राहिलो तर साहेब म्हणाले, "हं, बोला." मला बोलायचं काहीच नव्हतं, पण उभा राहिलो म्हणजे बोललंच पाहिजे, म्हणून मी तिमाही खर्चाबद्दल एक शंका काढली. ती शंका निस्तरायला मला त्या आठवड्यात दोन तास जास्त बसावं लागलं. आजारी रजेचा मार्गही बंद. पूर्वी कंबर धरली की डॉक्टर तीन आठवडे फळीवर झोपायला सांगत. 1986 साली अमेरिकेत काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपवून पाहिलं, तर दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि कामावर आधी परतले. हा अभ्यास आमच्या मनुष्यबळ विभागाला कोणी दाखवला ते मला माहीत आहे, पण नाव घेत नाही.

मागच्या शनिवारी मुलाच्या शाळेत पालकसभा होती. तो पाचवीत. त्याच्या बाई खुर्चीमागे उभ्या होत्या. मी आत गेल्यावर म्हणाल्या, "या, बसा." समोर पाचवीचं बाकडं. पाचवीचं बाकडं पाचवीच्या माणसासाठी केलेलं असतं, पण "बसा" म्हटल्यावर बसायचं हे माझ्या रक्तातच. गुडघे हनुवटीपाशी घेऊन मी बसलो.

"हुशार आहे हो," बाई म्हणाल्या, "पण एका जागी बसत नाही. मी इथे फळ्यावर लिहीपर्यंत हा तिथे. डबा उघडायला उठतो, पेन्सिल टोकायला उठतो, दुसऱ्याची पेन्सिल टोकायलाही उठतो. घरी जरा लक्ष द्या." त्यांनी प्रगतिपुस्तक पुढे केलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: चुळबुळ फार करतो.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. पालकांची सही करायची होती. टेबलापर्यंत वाकण्यासाठी उठायला गेलो आणि कमरेत ओळखीची कडी वाजली. चिरंजीव खिडकीपाशी होते, ते तीन बाकं ओलांडून आले, माझ्या काखेत हात घालून त्यांनी मला सराईतपणे उपसून काढलं आणि पुन्हा खिडकीकडे गेले. मी प्रगतिपुस्तक भिंतीला लावून, उभ्याने सही केली.

बाई माझ्याकडे बघत होत्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "एल-फोर एल-फाइव्ह?"

"हो."

"माझं एल-फाइव्ह एस-वन," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीवरची उशी उचलून मला दाखवली.